आडवाट कोणाच्या अंगणातून जाते?

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला, की आमच्या बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या वसाहतींमध्ये एक विषय हमखास निघतो. यंदा सगळ्यांनी मिळून कुठेतरी जाऊ या, पण हॉटेल नको! पूर्वी सहल म्हणजे देवदर्शन, नाहीतर माथेरान-महाबळेश्वर. पोळी-भाजीचे डबे, पत्त्यांचा जोड आणि परतताना चिक्कीची पुडकी. आता चार-पाच कुटुंबे आपापल्या गाड्या काढतात, टपावर तंबू बांधतात आणि हमरस्ता सोडून आडवाटेने दोन-तीन दिवस भटकून येतात. शहाणी मुले या प्रकाराला ‘ओव्हरलँडिंग’ म्हणतात. शब्द आपल्याकडे नवा असला तरी मूळचा बराच जुना आहे. ऑस्ट्रेलियात गुरांचे कळप शेकडो मैल हाकत नेणाऱ्यांना तो प्रथम लागला. पुढे १९५५-५६ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या सहा विद्यार्थ्यांनी दोन लँडरोव्हर गाड्या घेऊन लंडन ते सिंगापूर हा प्रवास जमिनीवरून केला, आणि तेव्हापासून मोटार घेऊन दूर निघणाऱ्यांचे ते एक दैवतच होऊन बसले.

अशा सहलींना नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. उलट, ज्या मुलांनी चांदणे फक्त गच्चीवरून पाहिले आहे त्यांना ते माळावर आडवे पडून दाखवावे, असे मला मनापासून वाटते. गेली काही वर्षे आमच्या गटाच्या सहलीची आखणी करण्याचे काम माझ्याकडे आहे. त्या निमित्ताने अनेकांच्या याद्या माझ्या हाताखालून गेल्या. तंबू किती माणसांचा, गाद्या हवेच्या की फोमच्या, शेगडी एक की दोन, बॅटरीवर चालणारा फ्रीज घ्यावा का. या याद्या वाचताना मला नेहमी वाटते की, पहिलाच प्रश्न चुकीचा विचारला जातो आहे. ‘बरोबर काय न्यायचे’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘आपण कोणाकडे चाललो आहोत’ हा आहे. त्याचे उत्तर नीट मिळाले, तर यादी निम्मी होते आणि आखणी दुप्पट चांगली.

आमच्यापुरते बोलायचे तर उत्तर हाकेच्या अंतरावर आहे. बोईसरहून चिल्हार फाट्याला महामार्ग गाठावा, मनोरला उजाडावे, तिथून विक्रमगडवरून जव्हार. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. मुकणे घराण्याच्या संस्थानाची ही राजधानी. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. पुढे मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ. परतताना वाड्याकडे उतरून पुन्हा मनोर. जव्हारपर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही, पण गाडीच्या काचेबाहेरचे जग एवढे बदलते की मुले विचारतात, “आपण अजून आपल्याच जिल्ह्यात आहोत का?” होय, आहोत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा काढलेला पालघर जिल्हा तो हाच. एका टोकाला १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुकेंद्र आणि औद्योगिक वसाहतीची धुराडी, दुसऱ्या टोकाला उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारे पाडे.

हे पाडे म्हणजे आपल्या सहलीची पार्श्वभूमी नव्हे. नकाशावर जी बारीक रेघ पाहून आपण ‘अस्सल आडवाट’ म्हणून खूश होतो, ती कोणाच्या तरी शाळेची, बाजाराची, दवाखान्याची एकुलती एक वाट असते. तिच्या कडेची मोकळी, सपाट, तंबूला अगदी बेतलेली जागा म्हणजे बहुधा कोणाचे तरी भाताचे खाचर, नाहीतर झोडणीसाठी सारवून ठेवलेले खळे. मोकळे दिसते ते सगळे बेवारस असते, ही समजूत शहरातली. वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी, ठाकूर या समाजांच्या या मुलखात झाडालाही धनी असतो आणि टेकडीलाही देव असतो.

शिवाय बाहेरून येऊन तंबू ठोकणाऱ्या माणसांची या मुलखाला एक आठवण आहे, आणि ती गोड नाही. जुने साहेब आणि अंमलदार हिवाळ्यात फिरतीवर निघत तेव्हा त्यांचे सामान वाहायला, पाणी भरायला, लाकडे फोडायला गावची माणसे धरून आणली जात. सावकार-जमीनदारांची वेठ तर बारमाही होती. १९४५ मध्ये तलासरी भागातल्या झरी गावच्या परिषदेत वारल्यांनी वेठ करणार नाही अशी शपथ घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार त्यात गेले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही सारी कहाणी लिहून ठेवली आहे. कासा-तलवाडा बाजूने जव्हारकडे जाणारा रस्ता आज गुळगुळीत झाला आहे. त्यावरून जाताना मुलांना हे सांगावे, असे मी प्रत्येक गटाला सुचवतो. किल्ल्याचा इतिहास आपण आवर्जून सांगतो. रस्त्याच्या कडेचा का सांगू नये? आमच्या तारापूरच्या माणसाला तर हे समजायला जड जाऊ नये. अणुकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे उठली. बाहेरचा माणूस येऊन जागेवर बोट ठेवतो तेव्हा काय होते, हे आम्हाला ठाऊक आहे.

सहलीचा हंगाम कोणता? पाऊस संपलेला, गारवा आलेला, म्हणजे कार्तिकापासून माघापर्यंत. आता याच दिवसांत जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर काय चालते ते पाहा. भात-नागली घरात आली, दिवाळी झाली, की हातांना काम उरत नाही. मग कुटुंबेच्या कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या, कडेवरची पोरे घेऊन टेंपोत बसतात आणि वसई, भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. तिथे पेंढ्याच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या खोपटात पुढचे पाच-सहा महिने काढतात. आपण हौसेने चार भिंती सोडून कापडाखाली झोपायला वर चाललेलो असतो, आणि त्याच रस्त्याने, त्याच दिवसांत, उलट दिशेने, ही माणसे नाइलाजाने चार भिंती सोडून खोपटात झोपायला खाली उतरत असतात. मनोरच्या नाक्यावर दोघांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. दोन्ही गाड्यांच्या टपावर अंथरुणे बांधलेली असतात. हे दृश्य पाहून सहल रद्द करावी असे मी म्हणत नाही. त्याने कोणाचेच भले होणार नाही. पण ते पाहिल्यावर माणसाने वर जाऊन ध्वनिवर्धक लावू नये, एवढी अपेक्षा गैर नाही. १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. ती वावर-वांगणीही याच जव्हार तालुक्यातली. ज्या गावांतून आपण भरलेले डबे घेऊन जाणार, त्या गावांनी काय सोसले आहे याची जाण ठेवणे, हा आखणीचाच भाग आहे.

म्हणून माझ्या आखणीतले पहिले काम फोन करणे आणि जमल्यास आधी एकदा जाऊन येणे. हे भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीतले आहेत आणि १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला तिथे विशेष अधिकार दिले आहेत. ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांकडे आधी विचारावे. आम्ही अमुक दिवशी इतक्या गाड्या, इतकी माणसे, इतकी मुले घेऊन येतो. एक रात्र राहू. कुठे राहिलेले चालेल? जागा वनखात्याची असेल तर खात्याची परवानगी वेगळी. राखीव जंगलात विनापरवाना शिरणे आणि विस्तव पेटवणे हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे, ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ हे त्यावर उत्तर नाही. गाड्यांचे क्रमांकही लिहून द्यावेत. यात कमीपणा कसला? आपल्या इमारतीत कोणी न विचारता अंगणात गाडी लावली तर आपण रखवालदाराला जाब विचारतोच ना!

हा केवळ शिष्टाचार नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, आडरस्त्याने गुजरातकडे निघालेल्या दोन साधूंची आणि त्यांच्या चालकाची याच जिल्ह्यात गडचिंचले गावी जमावाने हत्या केली. त्या आधी काही दिवस मुले पळवणारी टोळी, चोर-दरोडेखोर फिरत असल्याच्या अफवांनी गावे रात्र रात्र जागत होती. त्या क्रौर्याचे समर्थन कोणी करू शकत नाही, करूही नये. ज्यांचा बळी गेला त्यांचा तर काहीच दोष नव्हता. पण भीतीने पछाडलेल्या गावात रात्रीची अनोळखी गाडी म्हणजे काय असते, हे त्या घटनेने सगळ्यांना दाखवून दिले. तेव्हापासून माझे दोन नियम पक्के आहेत. सूर्य मावळल्यावर आडरस्त्याला गाडी चालवायची नाही, आणि जिथे नाव सांगितलेले नाही तिथे मुक्काम करायचा नाही. एकदा मोखाड्याकडच्या एका पाड्यावर सकाळी निघताना मी पोलीस पाटलांचे आभार मानले, तर ते म्हणाले, “दादा, तुम्ही सांगून आलात, म्हणून आमची माणसंही निवांत झोपली.” आपल्या झोपेची काळजी आपण गादी निवडून घेतो; त्यांच्या झोपेची काळजी एका फोनने घेता येते.

दुसरे काम पाण्याचे. या डोंगरांत पाऊस धो धो कोसळतो, आणि अडवलेले पाणी मात्र नळांतून दूर जाते. वैतरणेवरची धरणे मुंबईची तहान भागवतात. २०१४ मध्ये पूर्ण झालेले मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात. अशा गावच्या विहिरीवर पंधरा माणसांनी आंघोळीला जाऊ नये, हे सांगावे लागू नये, पण लागते. माणशी रोज पाच लिटर पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी घरून कॅनमध्ये भरून न्यावे. एक दिवस आंघोळ न केल्याने कोणी आजारी पडत नाही. ओढ्यात भांडी घासू नयेत, साबण तर मुळीच नको. शौचाचा खड्डा पाण्यापासून निदान साठ मीटर लांब आणि वीतभर खोल घ्यावा व बुजवावा. सगळा कचरा, अगदी फळांच्या सालीसुद्धा, गाडीत घालून बोईसरला परत आणाव्या. एका हिवाळ्यात एका माळावर आमच्या आधी येऊन गेलेल्या कोणा मंडळींच्या बाटल्यांच्या काचा गावची मुले अनवाणी पायांनी चुकवत खेळत होती. त्या काचा आमच्या मुलांनी वेचल्या. त्यांना त्यासाठी व्याख्यान द्यावे लागले नाही.

शेकोटीचा मोह मोठा असतो, तो मी समजू शकतो. पण हिवाळ्यात सागाची पानगळ सुरू झालेली असते आणि एक ठिणगी अख्खी टेकडी घेऊन जाते. गवत हे तिथल्या गुरांचे वर्षाचे अन्न आहे. गावाने जागा दाखवली तर तिथे, लहान, पाणी शेजारी ठेवून. नाहीतर स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर आणि गप्पा कंदिलाभोवती. गप्पांना आग लागतेच असे नाही.

आता गाड्यांविषयी. चारपेक्षा जास्त नकोत. मोठा ताफा पाहिला की पाड्यावरची माणसे घरात जातात आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्या एस.टी.ला वाट राहत नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या त्या सहाजणांनी आपसांत कामे वाटून घेतली होती. वाट पाहणारा एक, गाडीची दुरुस्ती करणारा एक, शिध्याचा हिशेब ठेवणारा एक, छायाचित्रण करणारा एक. तीच पद्धत कुटुंबांनाही लागू पडते. पुढच्या गाडीत रस्ता जाणणारा, शेवटच्या गाडीत हातात पाना धरता येणारा. प्रत्येकाने फक्त मागच्या गाडीवर नजर ठेवायची. फाटा आला की मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचे. ही साधी रीत पाळली, तर फोनला रेंज नसली तरी कोणी चुकत नाही. स्टेपनीत हवा, जॅक, ओढायचा दोर, पंक्चरचे सामान या गोष्टी निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी तपासाव्यात. टाकी मनोरला किंवा जव्हारला पूर्ण भरावी. नकाशा कागदावरही असावा. आणि दुपारी तीन वाजता, कुठेही असलो तरी, मुक्कामाला पोहोचतो की नाही याचा हिशेब मांडून नाही असे दिसले तर मागे फिरावे. मागे फिरण्याचा निर्णय घरी बसून, वेळ घालून घेतलेला बरा. रस्त्यावर तो कधीच घेतला जात नाही, कारण तिथे प्रत्येकाला ‘अजून दहा मिनिटे’ दिसत असतात.

जिवाच्या गोष्टीत भीड नको. पावसाळ्यात धबधब्याखाली मुक्काम किंवा पोहणे अजिबात नाही. जुलै २०२० मध्ये जव्हारजवळच्या काळमांडवी धबधब्यात पाच तरुण बुडाले. दाभोसा असो की हिरडपाडा, पाणी वरून पाहायला सुंदर आणि खाली अंदाज न लागणारे. नदीच्या पात्रात तंबू ठोकू नये, रात्री वरून पाणी वाढले तर कळतही नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावा जाणवतोच असे नाही. म्हणून तंबूची चेन सदैव बंद, बूट झटकून घालायचे, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल नाही. साप चावला तर कापणे-चोखणे न करता, हालचाल न करू देता थेट रुग्णालयात. जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय मुक्कामापासून किती मिनिटांवर आहे, हे गटातल्या प्रत्येक चालकाला पाठ हवे. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांकही पाठ हवा. पण रेंज कोणत्या वळणावर येते ते गावात विचारून ठेवावे, कारण क्रमांकापेक्षा ते वळण महत्त्वाचे ठरते. मद्य नको. हे मी संस्कृतिरक्षक म्हणून सांगत नाही. रात्री दोनला गाडी काढावी लागली तर चारही चालक शुद्धीवर असावेत म्हणून सांगतो.

आणि पैसा? आपण डिझेलवर खर्च करतो, तंबूवर करतो, पण ज्यांच्या दारात राहतो त्यांना एक रुपया न देता परततो, हे मला पटत नाही. एक वेळचे जेवण गावातल्या बचत गटाच्या बायकांना आधी सांगून करून घ्यावे. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, भाजी. भाव त्यांनी सांगावा, आपण घासाघीस करू नये. शहरातल्या हॉटेलात बिलावर कोणी वाद घालत नाही. मुलांना गोळ्या-बिस्किटे उधळून फोटो काढणे मात्र टाळावे. तो दानधर्म नाही, तमाशा आहे. ‘तारपा वाजवून दाखवा, नाचून दाखवा’ अशी फर्माईशही नको. ज्या मातीच्या भिंतीवरची चित्रकला जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेली आणि २०११ मध्ये ज्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली, ती लग्नघरची, देवाची कला होती. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या करमणुकीची नव्हती. गाव आपणहून बोलावील तेव्हा मागे बसून पाहावे. ते भाग्य वेगळेच असते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. “इतके नियम पाळायचे तर मोकळेपणा राहिला कुठे? चार दिवस कटकटी विसरायला तर जातो!” आक्षेप खरा आहे. आमच्याकडे पाळ्यांमध्ये काम करणारी माणसे आहेत. त्यांच्या रजा जुळवून आणता आणता आखणी करणाऱ्याच्या नाकी नऊ येतात, आणि मग कुठे परवानगी आणि कुठे पाण्याचे कॅन! पण मोकळेपणाचा हिशेब थोडा वेगळा आहे. ज्याने सांगून ठेवले आहे त्याला रात्री पाचोळा वाजला तरी दचकावे लागत नाही. ज्याने पाणी नेले आहे त्याला कोणाच्या विहिरीवर ओशाळे व्हावे लागत नाही. ज्याने परतीची वेळ ठरवली आहे त्याला घाटात अंधाराशी शर्यत लावावी लागत नाही. आखणी नीट झाली की उरतो तो निव्वळ मोकळा वेळ, आणि तोच तर हवा होता.

सरकारनेही इथे थोडे करण्यासारखे आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या ज्या ग्रामसभांची इच्छा असेल त्यांनी मुक्कामाच्या जागा, त्यांचा दर आणि नियम स्वतः ठरवावेत, आणि जिल्हा प्रशासनाने ती माहिती एका जागी द्यावी. पैसा गावाच्या खात्यात जावा. त्यातून दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या टेंपोंतली दोन-चार कुटुंबे जरी मागे राहिली, त्यांची पोरे शाळेत राहिली, तरी आपल्या चैनीला काही अर्थ आला असे म्हणता येईल. फार मोठी क्रांती होईल असा माझा दावा नाही. पण आज ही जी सहल चालते, तीत आपण आनंद घेऊन येतो आणि कचरा ठेवून येतो. हा व्यवहार तरी सरळ व्हायला हवा.

तेव्हा यंदा गच्चीवर बैठक बसेल तेव्हा तंबूची जाहिरात बाजूला ठेवून आधी तालुक्याचा नकाशा पसरा. मुलांना बोलवा. बोट ठेवून विचारा, या वाटेवर कोण राहतं? उत्तर कोणालाच आले नाही, तर पुढचा रविवार ते शोधण्यात घालवा. सहल पंधरा दिवस पुढे गेली तरी थंडी कुठे पळून जात नाही.